स्लिपवे कुठे आहे? मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका छोट्या बंदरातला नौकामालक आहे. नौका दुरुस्तीसाठी आमच्या बंदरात स्लिपवे, म्हणजे नौका पाण्यातून ओढून वर घेण्याचा उतार, आणि त्यावर पक्की शेड बांधून मिळेल, असे आम्हाला भर सभेत सांगण्यात आले होते. त्यानंतर मासेमारीबंदीचा आणखी एक काळ सरला, पण त्या जागेवर आजही चिखल आणि दगडच आहेत. त्यामुळे यंदा माझी लाकडी नौका मला खाजगी यार्डात न्यावी लागली. क्रेन, जागाभाडे, दोन फळ्या, तळाचे फायबर कोटिंग आणि रंग मिळून बिल झाले ३ लाख १० हजार रुपये. नौका पाण्यात उतरून महिना होत नाही तोच नाळेजवळचे (नौकेच्या पुढच्या टोकाजवळचे) फायबर सुटले आणि त्याचा हातभर पापुद्रा माझ्या हातात आला. आतली फळी ओलीचिंब होती. यार्डवाल्याने हात झटकले.

हेच काम भावाला आणि गावातल्या सुताराला घेऊन मी घरच्या घरी केले असते, तर सामान व मजुरी धरून दीड लाखात आटोपले असते. तळाला चिकटलेले शिंपले आणि शेवाळ खरवडणे, सळईने टोचून कुजकी फळी ओळखणे, सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवणे, रंगाचे हात मारणे ही कामे आम्हाला वाडवडिलांनी शिकवली आहेत. इंजिन खोलणे आणि पंखा फिरवणाऱ्या शाफ्टची रेष जुळवणे मात्र जाणत्या मेकॅनिककडेच द्यावे, कारण तिथे पैसे वाचवणारा मालक खलाशांचे जीव धोक्यात घालतो. आम्ही कारागिराचा मेहनताना नाकारत नाही. जे आमच्या हातांनी होते, त्याचेही पैसे केवळ जागा नाही म्हणून मोजावे लागतात, हे आमचे दुखणे आहे.

१ जून ते ३१ जुलै हा बंदीचा काळ, म्हणजे ऐन पावसाळा. नौका मोकळी असते तेव्हाच हवा दमट असते, आणि ओल्या लाकडावर फायबर चिकटवणारे रेझिन धरत नाही. झापांनी शाकारलेल्या नौकेखाली पाठीला पाणी लागत असताना फळी सुकण्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे मंत्रालयात बसून कळणार नाही. म्हणूनच शेड ही आमची चैन नाही. तिच्याशिवाय घरची दुरुस्ती टिकत नाही आणि यार्डातलीही टिकत नाही, हे मी तीन लाख मोजून पाहिले आहे. आमच्या बंदरात शंभर नौका धरल्या, तर दीड लाखाच्या फरकाने दर वर्षी दीड कोटी रुपये गावाबाहेर जातात. एवढ्या पैशात एक साधा स्लिपवे उभा राहिला नसता का?

२०२० चे निसर्ग आणि २०२१ चे तौक्ते ही चक्रीवादळे आम्ही सोसली. नौका फुटली की पंचनामे होतात. ती फुटू नये म्हणून कोणी काही करत नाही. १९८१ च्या मासेमारी कायद्यात २०२१ साली सुधारणा करून दंड वाढवण्यात आले, तेव्हा सरकारला वेळ मिळाला. २०२५ साली मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा आम्ही पेढे वाटले. परंतु रंगाच्या प्रत्येक डब्यावर आजही १८ टक्के जीएसटी आम्हीच भरतो. दर्याची जोखीम आमची, कर्ज आमचे, मग या व्यवस्थेत आमच्या वाट्याचे सरकारने नेमके काय उचलले आहे?

आमच्या बंदरातील स्लिपवे आणि शेडचे काम कोणत्या तारखेला सुरू होईल, ते लेखी कळवावे. यार्डांचे दर आणि केलेल्या कामाची किमान एका हंगामाची हमी सरकारने बांधून द्यावी. घरी दुरुस्ती करणाऱ्या नौकामालकाला सामानाच्या पावत्यांवर अल्प व्याजाचे कर्ज मिळावे. पुढच्या १ जूनला नौका पुन्हा वर घ्यावी लागणार आहे, तेव्हा उत्तर त्याआधी यावे.

आपला,
एक नौकामालक मच्छीमार
जि. रत्नागिरी