आधी ‘नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पुतण्याचं लग्न तोंडावर आलं होतं, दोन्ही गालांवर वांगाचे डाग पसरले होते आणि मला त्याआधी केमिकल पील, म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढायचा उपचार, उरकून घ्यायचं होतं. तुम्ही सरळ नाही म्हणालात. आभार मानायचे ते पहिल्यांदा त्याचेच.

पर्समधली ट्यूब तुम्ही मागून घेतलीत आणि चष्मा वर करून त्यावरची बारीक अक्षरं वाचलीत : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं शेवटचं स्टेरॉइड आहे, असं दुकानदाराने ट्यूब देताना कधी सांगितलं नव्हतं. त्याने कातडी पातळ होते, अशा चेहऱ्यावर आम्ल लावलं तर भाजेल आणि आपल्या गव्हाळ रंगावर भाजल्याचा डाग वांगापेक्षा काळा उमटतो, हे तुम्ही न चिडता समजावलंत. बाहेर रांग लागली होती, तरीही.

लग्न डागांसकट पार पडलं. फोटोंचं काय, ते कोण बघतंय!

मग ट्यूब बंद, सनस्क्रीन चालू आणि त्वचा शांत व्हायची वाट बघणं. पील केलंत ते ग्लायकॉलिकचं, तेही सौम्य. हे आम्ल मुळात उसातही असतं म्हणालात, तेव्हा आमच्या सांगलीकडच्या माणसाला जरा आपलेपणा वाटला. सिस्टरांनी डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठ व्हॅसलिनने झाकले, हातात छोटा पंखा दिला. मुंग्या चावल्यासारखं चुरचुरत होतं. घड्याळ लावलेलं होतं, पण तुमची नजर चेहऱ्यावरच होती. डावा गाल आधी लाल व्हायला लागला, तशी तुम्ही वेळ संपायची वाट न बघता तेवढ्या भागावर न्यूट्रलायझर, म्हणजे आम्लाचं काम थांबवणारं द्रावण, फिरवलंत. त्या क्षणी मला कळलं की पैसे बाटलीतल्या आम्लाचे नसतात, ते कधी थांबवायचं हे कळणाऱ्या माणसाचे असतात.

पुढे तोंडाभोवती पापुद्रे निघाले. ओढायचे नाहीत, ही तुमची ताकीद मी पाळली. आमच्या सासूबाईंनीच ते काढायला दोनदा हात पुढे केला होता. शाळेत पोरांनी ‘बाई, उन्हात भाजलं का?’ म्हणून विचारलंही.

आज डाग बरेच फिकट आहेत. पूर्ण गेलेले नाहीत, उन्हात दुर्लक्ष केलं तर पुन्हा गडद होतील, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं. तरुणपणीच्या मुरुमांचे खोल खड्डे या पीलने भरणार नाहीत, हेही. दुसऱ्या कुणी त्यासाठी अख्खं पॅकेज गळ्यात मारलं असतं.

एक तक्रार मात्र आहे. तुम्ही सांगता तेवढं सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी लावायचं, तर ट्यूब महिनाभर पुरत नाही. मैदानावर तास घेणाऱ्या बाईला परवडेल असं एखादं पुढच्या वेळी लिहून द्या.

सिस्टरांनाही नमस्कार सांगा.

आपली,
पी.टी.च्या बाई