हातातला फोन नको, ड्रॉवरमधला रूट कर

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. गॅलेक्सी घेऊन नऊ महिने झाले, कंपनीने आधीच कोंबलेली ॲप्स निघत नाहीत, जाहिरातींनी जीव नकोसा केलाय, म्हणून येत्या रविवारी फोन रूट करायचा, म्हणजे त्याच्या सिस्टीमवर पूर्ण ताबा मिळवायचा बेत आहे, असं तू लिहिलंस. रविवार उजाडायच्या आत हे पत्र तुझ्या हाती पडावं म्हणून लगेच लिहायला बसलो. रूट करण्याला माझी हरकत नाही. पण ज्या फोनमध्ये बँकेशी जोडलेलं सिम आहे आणि ज्याची वॉरंटी अजून तीन महिने शिल्लक आहे, त्याला हात लावू नकोस. तुझ्याकडे जुना रेडमी पडून आहे ना? तो घे. का, ते सविस्तर सांगतो.

फोनचं बटण दाबल्यावर आत काय घडतं ते आधी बघ. प्रोसेसरच्या आतच एक छोटासा प्रोग्राम कायमचा कोरलेला असतो. तो बूटलोडरची, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची, डिजिटल सही तपासतो. सही जुळली की बूटलोडर पुढे जाऊन कर्नलची, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याची, सही तपासतो आणि मग सिस्टीमचा भागही वाचता वाचता तपासला जातो. एका कडीने दुसरीची खात्री करायची, अशी ती साखळी. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, ही तपासणी सक्तीची झाली. कुठे फेरफार आढळला तर फोन सुरूच होत नाही. बूटलोडर अनलॉक करणं म्हणजे या साखळीला सांगणं की यापुढे सही जुळली नाही तरी चालेल. म्हणून अनलॉक केलेला फोन दर वेळी सुरू होताना इशाऱ्याचा पडदा दाखवतो. त्या अवस्थेला अँड्रॉइडच्या भाषेत 'नारिंगी' म्हणतात.

अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, यावर बरेच जण चिडतात. पण ते पुसणं तुझ्याच भल्याचं आहे. तसं नसतं तर चोराने फोन पळवला असता, अनलॉक केला असता आणि स्वतःची सिस्टीम टाकून तुझे फोटो आणि कागदपत्रं काढायचा प्रयत्न केला असता.

अनलॉक झाल्यानंतरचा धोका मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. समज, फोन दुरुस्तीला दिला आणि दहा मिनिटं नजरेआड झाला. केबल जोडून त्यात बदललेली बूट इमेज (कर्नल असलेली, फोन सुरू करणारी फाइल) टाकायला तेवढा वेळ पुरतो. तुझा डेटा त्या क्षणी कुलूपबंदच असतो, कारण पिन टाकल्याशिवाय त्याची किल्ली तयार होत नाही. पण घरी येऊन तू स्वतः पिन टाकतोस आणि आत दबा धरून बसलेल्याला सगळं उघडं मिळतं. शिवाय फोन चोरीला गेला, तर रीसेटनंतर जुनं गूगल खातं मागणारं जे संरक्षण असतं, तेही अनलॉक बूटलोडरवर पुसून टाकता येतं. म्हणजे चोराला तो फोन वापरायला किंवा विकायला मोकळा.

ही झाली बूटलोडरची गोष्ट. आता रूट. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला वेगळा वापरकर्ता समजतं आणि त्याला १०,००० च्या पुढचा एक क्रमांक देतं. एका क्रमांकाच्या ॲपला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. रूट म्हणजे क्रमांक शून्य, सगळ्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा. रूट मिळवून देणारं मॅजिस्कसारखं साधन हा जुडगा सरसकट वाटत नाही. कुणी मागितला की विचारतं आणि १० सेकंदांत होकार दिला नाहीस तर नाकारतं. पण एकदा होकार दिलास की ते ॲप व्हॉट्सॲपचे संदेश वाचू शकतं, स्वतःच स्वतःला हव्या त्या परवानग्या देऊ शकतं, दुसऱ्या ॲपमध्ये आपला कोडही घुसवू शकतं. 'फक्त फायली वाचायला रूट' असा अर्धा होकार तिथे नसतो.

मॉड्यूलचं तर आणखी जपून. मॅजिस्कचं मॉड्यूल म्हणजे जादा सोयी जोडणारी एक झिप फाइल. तिच्यातल्या स्क्रिप्ट फोन सुरू होतानाच रूटच्या अधिकाराने चालतात आणि तेव्हा तुला काहीही विचारलं जात नाही. कुठल्या तरी टेलिग्राम चॅनलवरून उचललेली झिप टाकणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती घराची किल्ली देऊन गावाला जाणं. जुन्या व्हिडिओंमध्ये एसईलिनक्स ही अँड्रॉइडची सुरक्षा यंत्रणा 'परमिसिव्ह', म्हणजे सैल, करा असं सांगतात, तेही करू नकोस. अँड्रॉइड ५ पासून रूटच्याही हातांना थोडी मर्यादा घालणारी भिंत तीच आहे. ती पाडून मिळत काही नाही.

एक गोष्ट मात्र रूटलाही जमत नाही. चिपच्या सुरक्षित कप्प्यात तयार झालेल्या किल्ल्या बाहेर काढता येत नाहीत. पण रूट असलेला प्रोग्राम तुझ्या नावाने त्या वापरायला लावू शकतो, त्यामुळे यावर फार विसंबू नये.

आता तुझ्या गॅलेक्सीबद्दल. सॅमसंगच्या चिपमध्ये नॉक्स या त्यांच्या सुरक्षा यंत्रणेचा एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतो. कंपनीची सही नसलेली इमेज पहिल्यांदा टाकलीस की तो जळतो आणि शून्याचा एक होतो. हे सॉफ्टवेअरमधलं खूण करणं नव्हे, चिपमधलाच कायमचा बदल आहे. नंतर मूळ सॉफ्टवेअर टाक, बूटलोडर पुन्हा लॉक कर, तो एक पुन्हा शून्य होत नाही. सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगचं पेमेंट ॲप त्या फोनवर कायमचं बंद. सर्व्हिस सेंटरमध्ये हे शोधायला फोन खोलावाही लागत नाही. फोन बंद करून आवाजाची दोन्ही बटणं दाबून धरायची आणि संगणकाला जोडलेली केबल लावायची, की डाउनलोड मोडचा इशारा येतो. आवाज वाढवायचं बटण हलकंच दाबून पुढे गेलं की वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांच्या ओळी दिसतात. त्यातली एक वॉरंटीच्या बिटची, म्हणजे त्या फ्यूजच्या शून्य-एकची. काउंटरवरचा माणूस ती ओळ वाचतो आणि तिथेच निकाल लागतो. तू कुतूहलाने तो पडदा उघडलास, तर ते बटण जास्त वेळ दाबून ठेवू नकोस. तसं केलं की अनलॉकचा पर्याय समोर येऊ शकतो.

आणि गॅलेक्सीवर डेटा दोनदा जातो, हे फार थोडे जण आधी सांगतात. एकदा अनलॉक करताना, आणि दुसऱ्यांदा मॅजिस्क पहिल्यांदा टाकताना.

वॉरंटीबद्दल तू विचारलंस, 'चार्जिंगचा सॉकेट खराब झाला तर त्याचा रूटशी काय संबंध?' प्रश्न रास्त आहे. पण वॉरंटी कार्डावर अनधिकृत बदलांचं कलम असतं आणि रूट केलेल्या फोनवर चार्जिंगचा प्रवाह आणि तापमानाच्या मर्यादा खरोखरच बदलता येतात. त्यामुळे कंपनीचा युक्तिवाद अगदीच पोकळ नसतो. बिघाडाचा बदलाशी संबंध नाही असं तुला दाखवता येत असेल, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोल, नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. पण तीन महिन्यांच्या वॉरंटीसाठी तारखांवर तारखा घेत बसायचं का, ते तूच ठरव. सगळ्या कंपन्यांचे नियम सारखे नसतात, म्हणून स्वतःच्या फोनचं कार्ड काढून ते कलम शब्दशः वाच.

बँकेची बाजू मला वॉरंटीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. रिझर्व्ह बँकेच्या फेब्रुवारी २०२१ च्या डिजिटल पेमेंट सुरक्षेच्या निर्देशांत रूट केलेला फोन ओळखून तिथे ॲप चालू न देण्याची शक्यता तपासायला सांगितलं आहे. म्हणून बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप उघडलंस की 'हे डिव्हाइस रूटेड आहे' म्हणून दार लावून घेतं. बरीच ॲप्स ही तपासणी गूगलच्या प्ले इंटिग्रिटीकडून करून घेतात. तिच्या तीन पातळ्या आहेत: मूलभूत, डिव्हाइसची आणि कडक. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनांवर डिव्हाइसच्या पातळीलाही चिपमधून आलेला पुरावा लागतो, आणि कडक पातळीला वर्षभरातला सुरक्षा अपडेटही. तो पुरावा 'बूटलोडर अनलॉक आहे' असं सरळ सांगतो.

यावर तोडगा म्हणून लोक दुसऱ्या कुठल्या तरी फोनच्या, असा पुरावा देणाऱ्या पण बाहेर फुटलेल्या किल्ल्या वापरतात. त्या 'कीबॉक्स' फायली चोरीच्या असतात. गूगल त्या हळूहळू रद्द करतं, आणि काल चाललेलं यूपीआय आज किराणा दुकानात, मागे रांग उभी असताना बंद पडतं. पैशाचा व्यवहार अशा पायावर उभा करू नये असं माझं ठाम मत आहे. शिवाय खात्यातून पैसे गेलेच, तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान तक्रार करेपर्यंत ग्राहकाच्याच माथी टाकलं होतं. रूट केलेला फोन हा निष्काळजीपणा, असं बँक म्हणाली तर वाद तुला घालावा लागेल.

बरं, तुला मुळात हवंय काय? नको ती ॲप्स काढायची आणि जाहिराती थांबवायच्या. दोन्ही कामं रूटशिवाय होतात.

सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी', मग 'सॉफ्टवेअर माहिती', तिथे बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मार. डेव्हलपर पर्याय उघडतील. त्यातलं यूएसबी डीबगिंग (संगणकावरून फोनला आज्ञा देऊ देणारा पर्याय) सुरू कर. बूटलोडर अनलॉकला परवानगी देणाऱ्या ओईएम अनलॉकला मात्र हात लावू नकोस. संगणकावर गूगलची प्लॅटफॉर्म टूल्स उतरव, फोन केबलने जोड आणि फोनवर आलेल्या प्रश्नाला होकार दे. मग त्या टूल्समधल्या एडीबी शेलमध्ये, म्हणजे फोनला आज्ञा द्यायच्या खिडकीत, 'पीएम लिस्ट पॅकेजेस' ही आज्ञा दिलीस की सगळ्या पॅकेजची, म्हणजे ॲप्सच्या आतल्या नावांची, यादी येते. नको असलेल्यासाठी 'पीएम अनइन्स्टॉल', त्यापुढे दोन आडव्या रेघा जोडून 'युजर', मग शून्य, मग पॅकेजचं पूर्ण नाव. अर्थात हे सगळं इंग्रजी अक्षरांत. ॲप तुझ्यापुरतं जातं, सिस्टीमच्या भागात त्याची मूळ प्रत तशीच राहते. म्हणून सही मोडत नाही, नॉक्सला धक्का लागत नाही, अपडेटही नेहमीसारखे येतात. चुकून कामाचं काढलंस तर 'सीएमडी पॅकेज इन्स्टॉल-एक्झिस्टिंग' आणि त्याच पॅकेजचं नाव, की परत येतं. एका वेळी एकच काढ, फोन बंद-चालू करून बघ, मग पुढचं. होम स्क्रीनचं लाँचर, सिस्टीम यूआय, टेलिफोन आणि कीबोर्डच्या वाटेला जाऊ नकोस. काम झालं की यूएसबी डीबगिंग बंद कर.

जाहिरातींसाठी अँड्रॉइड ९ पासून 'खासगी डीएनएस' आहे, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणारी सेवा स्वतः निवडायची सोय. तुझ्या फोनवर ते 'कनेक्शन्स'मध्ये, 'आणखी कनेक्शन सेटिंग्ज'च्या आत सापडेल. तिथे ॲडगार्डसारख्या जाहिराती अडवणाऱ्या सेवेचा पत्ता टाकला की ब्राउझर आणि बहुतेक ॲप्स शांत होतात. यूट्यूबच्या जाहिराती थांबणार नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात.

आता रेडमी. शिकायचंय ते त्यावर शीक. आधी सिम काढ, बँकेची ॲप्स आणि मुख्य गूगल खातं काढून टाक, फोटो दुसरीकडे घे. शाओमी खातं फोनशी जोडावं लागतं. त्यासाठी थोडा वेळ कुठलं तरी सिम आणि मोबाइल डेटा लागेल. मग बहुधा १६८ तास, म्हणजे आठवडाभर, थांबावं लागतं. मध्येच खातं काढून पुन्हा जोडू नकोस, मोजणी पहिल्यापासून सुरू होते. नंतर आवाज कमी करायचं आणि पॉवरचं बटण एकत्र दाबून फास्टबूट मोडमध्ये (संगणकावरून फोनमध्ये इमेज टाकायच्या अवस्थेत) जायचं आणि विंडोजवरच्या मी अनलॉक टूलने अनलॉक करायचं. बॅटरी निदान ६० टक्के ठेव. संगणकाला फोन सापडत नसेल तर यूएसबी २ चा पोर्ट वापरून बघ. फास्टबूटला काही यूएसबी ३ पोर्ट मानवत नाहीत.

पुढची चूक बहुतेकांकडून होते, म्हणून नीट वाच. मॅजिस्कने जी बूट इमेज बदलायची, ती फोनमध्ये आत्ता असलेल्या आवृत्तीचीच हवी, शेवटच्या आकड्यापर्यंत. जवळपासची चालत नाही. कर्नल आणि त्याचे ड्रायव्हर जुळले नाहीत की वाय-फाय मरतं, कधी टचही, नाहीतर फोन लोगोवरच फिरत राहतो. मूळ इमेजची एक प्रत संगणकावर जपून ठेव. फोन अडकला तर फास्टबूटने तीच परत टाकायची, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. अँड्रॉइड १३ घेऊनच बाजारात आलेल्या फोनांना 'इनिट बूट' नावाची वेगळी इमेज बदलावी लागते. तुझा त्याआधीचा आहे, त्यामुळे साधी बूट इमेजच.

जुन्या आवृत्तीकडे परतायचा मोह टाळ. फोन आवृत्तीचा एक चढता आकडा जपून ठेवतो आणि त्याखालची नाकारतो. रेडमी नोट ५ प्रोचे कितीतरी फोन २०१८ मध्ये असेच ठप्प झाले. आणि बदललेली सिस्टीम आत असताना बूटलोडर पुन्हा लॉक करू नकोस. लॉक होताच साखळी पुन्हा सही मागते, सही जुळत नाही, आणि फोन सुरू होत नाही. आधी मूळ सॉफ्टवेअर पूर्ण टाकायचं, फोन व्यवस्थित सुरू झालेला बघायचा, मगच लॉक.

गॅलेक्सीवरच्या पॅकेजची यादी काढलीस की मला पाठव. कुठली काढायला हरकत नाही आणि कुठल्यांना हात लावायचा नाही, त्यावर खुणा करून शनिवारच्या आत परत पाठवतो. रेडमीच्या 'फोनविषयी' पानाचा फोटोही पाठव, म्हणजे बूट इमेज नेमकी कुठल्या आवृत्तीची हवी ते दोघं मिळून बघू.

वहिनींना नमस्कार सांग. कळावे, लोभ असावा.

तुझाच,
मित्र