रविवारची नांदूरमध्यमेश्वर फेरी

सभासदांनो, येत्या रविवारी पहाटे साडेपाचला नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाहून गाड्या सुटतील. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबता येणार नाही, उन्हं वर आली की पक्षी पांगतात.

नवीन मंडळींसाठी थोडं सांगते. निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी-कादवेच्या संगमाशी इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला गेला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचून उथळ पाणथळ आणि बेटं तयार झाली. पाणीसाठ्याचं त्यात नुकसानच, पण पक्ष्यांना घर मिळालं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. आपल्या जिल्ह्यात, घरापासून तासाभरावर!

चापडगावच्या मनोऱ्यावर घाई करू नका. चमच्या पक्ष्यावर दुर्बीण रोखून निवांत बघा. अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून तो डावी-उजवीकडे फिरवत चालतो, मासा लागला की चोच झटकन मिटते.

कपडे मातकट रंगाचे घाला. फोटोसाठी काठावर उतरायचं नाही. गेल्या खेपेला आपल्यामुळेच चक्रवाक बदकांची जोडी उडाली, ते अजून मनाला लागून आहे. डबा, पाणी घरून आणा. नावं शुक्रवार संध्याकाळपर्यंत ग्रुपवर टाका.