मोहिनी घाला, पण खुर्ची रिकामी करू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळांवर आपल्या रविवार पुरवणीत लेख आला आणि त्यावर दोन पत्रंही छापून आली. एका पत्रलेखकांच्या मते, दुसऱ्याचं मन ताब्यात घेणारे मंत्र खेळातून काढूनच टाकावेत. दुसरे म्हणतात, पुस्तकात आहे ते आहे, त्यात रडायचं काय? मी गेली नऊ वर्षं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळवते. म्हणजे गोष्ट सांगणारी, राक्षस हलवणारी गेम मास्टर मी असते. पेशाने मी भूलतज्ज्ञ आहे. दुसऱ्याची शुद्ध काढून घेणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे या वादात तोंड घातल्याशिवाय राहवत नाही.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. आमच्या मोहिमेतल्या एका मोठ्या लढाईत माझ्या चेटकिणीने गटातल्या चोरावर, म्हणजे एका खेळाडूच्या पात्रावर, 'डॉमिनेट पर्सन' हा मन ताब्यात घेणारा मंत्र टाकला. मंत्रापासून बचाव करायला फाशावर ठरावीक आकडा गाठावा लागतो. खेळाडूने वीस बाजूंचा फासा टाकला, नऊ पडले, बचाव फसला. पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या पुस्तकात या मंत्राला एक कलम आहे: मंत्र टाकणाऱ्याने आपली कृती खर्च केली, तर सावजाचा पूर्ण आणि तंतोतंत ताबा त्याच्याकडे जातो. मी ते अक्षरशः घेतलं. हात लांब करून त्या मुलाच्या पुढ्यातला पात्राचा कागद माझ्याकडे ओढला आणि त्याचा चोर मीच चालवू लागले. तो फाशांचा मनोरा रचत बसला. वीस बाजूंचा फासा वर ठेवला की मनोरा ढासळायचा, मग पुन्हा पहिल्यापासून.

या मंत्राची मुदत कागदावर एक मिनिट आहे. वाचताना वाटतं, एक मिनिट म्हणजे काय मोठंसं! पण लढाईतली एक फेरी सहा सेकंदांची, म्हणजे मिनिटाच्या झाल्या दहा फेऱ्या. पाच खेळाडू, माझी चेटकीण, तिचे चार चेले. सात फेऱ्यांत लढाई संपली तेव्हा घड्याळात एक तास चाळीस मिनिटं गेली होती. आठवडाभराच्या रात्रपाळ्या संपवून तो मुलगा खेळायला आला होता. जाताना 'मजा आली' म्हणाला आणि पुढचे दोन डाव काहीतरी निमित्त काढून आलाच नाही. वश झालं होतं पात्र, शिक्षा भोगली माणसाने.

'नियम आहे ते आहे' म्हणणाऱ्यांनी जरा हिशेब मांडून बघावा. मनावरच्या मंत्रापासून बचाव पात्राच्या 'शहाणपण' या गुणावर ठरतो. चोराचं शहाणपण साधारण, दहा धरू, म्हणजे बचावाच्या फाशात अधिक काहीच मिळत नाही. पहिल्या पातळीच्या जादूगाराविरुद्ध त्याला तेरा किंवा जास्त लागतात. वीसपैकी आठ बाजू, म्हणजे 40 टक्के. आता दोघेही नवव्या पातळीला पोहोचले. जादूगाराविरुद्ध गाठायचा आकडा सतरावर गेला, चोराचं शहाणपण होतं तिथेच. उरल्या चार बाजू, 20 टक्के. चोर अनुभवाने तयार झाला, कुलपं उघडण्यात त्याचा हात धरणारा कुणी उरला नाही, पण भुलायच्या बाबतीत तो होता त्याहून कच्चा ठरला. शरीराला लागलेला मार आयुर्गुणांतून, म्हणजे पात्राच्या जिवाच्या आकड्यातून, वजा होतो, हळूहळू कळतो, मध्ये औषधपाणी करता येतं. मनावरचा हल्ला मात्र एका फाशात पार.

हे दुखणं जुनंच आहे. हा खेळ 1974 चा. त्याच्या प्रगत आवृत्तीचं खेळाडूंचं पुस्तक 1978 मध्ये आलं. त्यात 'चार्म पर्सन' या अगदी पहिल्या पातळीच्या मंत्राला तक्ता होता: सावजाची बुद्धी तीन किंवा कमी असेल तर सुटण्याचा पुढचा प्रयत्न तीन महिन्यांनी, एकोणीस किंवा जास्त असेल तर एका दिवसाने. मठ्ठ पहारेकरी एकदा भुलला की अख्खा हंगाम तुमचा! आजच्या पुस्तकात तोच मंत्र एक तास टिकतो, सावजाला तुम्ही फक्त ओळखीचे, स्नेही वाटता, गुलामी वगैरे काही नाही. तुम्ही किंवा तुमच्या साथीदारांनी त्याला इजा केली की मोहिनी तुटते. आणि मुदत संपली की आपल्याला भुलवलं होतं आणि कुणी, हे त्याला कळतं.

हे शेवटचं वाक्य माझ्या फार आवडीचं, आणि गेम मास्टर मंडळी नेमकं तेच विसरतात. आमच्याकडे एका खेळाडूचं गायिकेचं पात्र दिसेल त्या पहारेकऱ्याला भुलवत सुटायचं. मी मंत्रावर बंदी घातली नाही. पाचव्या पहारेकऱ्यानंतर शहराच्या वेशीवर त्या गायिकेचं चित्र लागलं, एवढंच. त्यानंतर ती मंत्र जपून वापरू लागली आणि पहारेकऱ्यांशी बोलूही लागली. माझ्या हातच्या पात्रांना मी याहून जास्त संरक्षण देत नाही. ती माझी असतात, एक भुललं तर माझी संध्याकाळ वाया जात नाही, माझ्याकडे आणखी चाळीस असतात.

खेळाडूच्या पात्राचं तसं नाही. त्याच्याकडे ते एकच असतं. म्हणून मर्यादा मंत्राच्या ताकदीवर घालून भागत नाही, ती कुणावर टाकला जातोय यावर घालायला हवी. मंत्र लागला की नाही हे फाशाने ठरवावं, लागल्यावर पात्र काय करतं हे मात्र खेळाडूनेच सांगावं. हुकूम माझा, अंमल त्याचा. वर सांगितलेलं 'तंतोतंत ताबा' हे कलम आमच्या टेबलावर खेळाडूंच्या पात्रांपुरतं आम्ही रद्द केलं आहे. शिवाय 'होल्ड पर्सन' मंत्रात असतो तसा प्रत्येक पाळीच्या शेवटी पुन्हा बचाव टाकायचा. मार बसला की पुन्हा बचाव, हे तर 'डॉमिनेट'च्या मूळ नियमातच आहे. ते कळल्यापासून आमच्याकडे भुललेल्या मित्राच्या सगळ्यात आधी कानाखाली वाजवली जाते. (एकदा नुसत्या संशयावरून वाजवली गेली. त्याचं रामायण वेगळं.)

हुकूम कुठवर ताणता येतो, याचं माप मी दुसरीकडून उसनं आणलं. 'चॅम्पियन्स' हा सुपरहिरोंचा खेळ 1981 मध्ये आला, त्यातून 'हिरो सिस्टिम' वाढली. तिथे मनोनियंत्रणाच्या फाशांची बेरीज सावजाच्या मनोबळाशी ताडतात. जेमतेम वर गेली तर जे तो एरवीही करणार होता तेवढंच तो करेल. दहाने वर गेली तर ज्याला त्याची हरकत नाही ते. वीसने गेली तर एरवी जे करणार नाही ते. आणि जिवाच्या आकांताने विरोध करील असं काही करवून घ्यायचं तर तीसने वर जायला हवं. चार पायऱ्या, चारही स्वच्छ. आकडे आमच्या खेळात बसत नाहीत, पण पायऱ्या बसतात. आता हुकूम सोडला की मी खेळाडूला विचारते, हे तुझ्या पात्राच्या कितव्या पायरीवर आहे? चौथ्या असं उत्तर आलं तर हुकूम परत घेते. खोटं उत्तर देणारा अजून भेटलेला नाही. उलट, लोक आपल्या पात्राला खालच्याच पायरीवर ढकलतात, कारण घोळ झालेला त्यांनाही हवा असतो.

आणि घोळाचं मोल दिलं तर तो आणखी राजीखुशीने होतो. 'फेट' या खेळात पात्राचा स्वभाव त्याला अडचणीत ढकलू लागला की खेळाडूसमोर एक गुण ठेवतात: मान्य केलंस तर घे, नाकारलंस तर तुझ्याकडचा एक दे. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये एका खेळाडूने दुसऱ्याच्या पात्राला फशी पाडलं, तर ऐकणाऱ्याला अनुभवाची खूण मिळू शकते. न ऐकण्याचा रस्ताही उघडा असतो, फक्त तो महाग पडू शकतो.

प्रेम आणि शरीर यांच्या वाटेला मोहिनीने जायचं नाही, हे आम्ही पहिला डाव मांडण्याआधीच ठरवतो. त्यावर चर्चा नाही, फासाही नाही. शस्त्रक्रियेआधी मी रुग्णाला सगळं समजावून सही घेते, त्यात कुणाला नियमभंग किंवा रडेपणा दिसत नाही. इथे तर सहीही लागत नाही, विचारलं की झालं. सही घेतल्यावरही मी रुग्णाच्या उशाशी बसून असते, भूल देऊन निघून जात नाही. त्या दिवशी खेळात मात्र मी भूल देऊन निघून गेले होते.

बंदी हवी म्हणणाऱ्या वाचकांना मात्र एक सांगायचं आहे. तो रात्रपाळीवाला मुलगा पुढे परत आला. मी त्याची माफी मागितली, नवे नियम सांगितले, आणि काही महिन्यांनी तीच चेटकीण पुन्हा समोर ठाकली. पुन्हा त्याच्यावरच मंत्र, पुन्हा बचाव फसला. गटातली योद्धी जिन्यावरून धावत येत होती. मी चेटकिणीच्या आवाजात हुकूम दिला, "तिला थांबव." या वेळी कागद त्याच्याच पुढ्यात होता. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी दोन्ही खंजीर खाली टाकतो, दारात हात पसरून उभा राहतो आणि म्हणतो, पुढे यायचं तर मला मारून ये." मी म्हटलं, अरे, तू तिच्या ताब्यात आहेस. त्याने शांतपणे उत्तर दिलं, "थांबवतोच आहे की. मारायला कुठे सांगितलंय?"

टेबलाभोवती कुणी बोलेना. जिच्याकडे योद्धी होती तिने फासा हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

आपली नम्र,
एक वाचक