उसनवारीचं संगीत

ठाणे, रविवार रात्र

प्रिय सुहास,

परवा फोन मध्येच कट झाला आणि भांडण अर्धवट राहिलं, म्हणून लिहायला बसलोय. "जपानी अ‍ॅनिमेवाले सरळ चाली ढापतात" असं म्हणालास. आणि हे म्हणतंय कोण? एकांकिका स्पर्धेत आपलं म्युझिक तूच ऑपरेट करायचास ना? क्लायमॅक्सला तू हॉलिवूडचा तुकडा लावलास आणि परीक्षकांनी निकालाआधी माइकवरून त्या सिनेमाचं नाव घेतलं. सगळं नाट्यगृह हसत होतं आणि तू टेबलाखाली नसलेली वायर शोधत होतास.

आता माझी बाजू. 'निऑन जेनेसिस इव्हँगेलियन' तू पाहिलेली नाहीस. १९९५ची जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, दिग्दर्शक हिदेआकी आन्नो, संगीत शिरो सागिसूचं. लढाईची आखणी सुरू झाली की टिंपनीचे, म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या नगाऱ्यांचे, घणाघाती ठोके पडतात आणि त्यावर ब्रास, म्हणजे तुताऱ्या-ट्रम्पेट, चढत जातो. ते ऐक, आणि लगेच १९६३च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' या जेम्स बाँडपटातला जॉन बॅरीचा '००७ टेक्स द लेक्टर' लाव. ठेका कुठून आला हे तुझ्यासारख्या तबला वाजवणाऱ्याला सांगावं लागणार नाही.

पण तिकडची पद्धत माहितीये का? टीव्ही मालिकेचं संगीत बहुतेकदा चित्र बघून केलेलंच नसतं. संगीतकाराच्या हातात यादी पडते: ताण एक, ताण दोन, दुःख पियानोवर, शत्रू येतोय. त्याबरहुकूम तुकडे आधीच एकगठ्ठा रेकॉर्ड होतात, प्रत्येकाला नंबर पडतो. मग कुठल्या प्रसंगाला कुठला नंबर, ते साउंड डायरेक्टर ठरवतो. म्हणजे तू लॅपटॉपवर फोल्डर करून करायचास तेच. आता चित्रच समोर नसताना 'अमक्या सिनेमासारखं हवं' असं कुणी म्हटलं, की बिचारा संगीतकार त्या सिनेमाच्या किती जवळ जाणार आणि कुठे थांबणार?

काही जण थांबत नाहीत, हे मान्य. 'ड्रॅगन बॉल काई' २००९ला आली, १९८९च्या जुन्या 'ड्रॅगन बॉल झेड'लाच कात्री लावून केलेली. संगीत नवं, केन्जी यामामोटोचं. आणि मालिका संपत आलेली असताना, मार्च २०११मध्ये, ती बनवणाऱ्या तोएई अ‍ॅनिमेशनने जाहीर केलं की त्यातल्या बऱ्याच रचनांनी दुसऱ्यांच्या हक्कांना धक्का लागत असावा. शेवटच्या भागांना शुनसुके किकुचीचं जुनं, 'झेड'चंच संगीत जोडलं. मी दोन्ही ऐकलंय. तीच हाणामारी, तेच संवाद, पण नव्यात सिनेमा बघतोय असं वाटायचं आणि जुनं लागलं की गडी एकदम १९८९मध्ये. खरं सांगू? मला नवं आवडायचं. म्हणून जास्त चिडलो.

सागिसूचं तसं नाही रे. २०१६ला 'शिन गोदझिला' आला. दिग्दर्शनात तोच हिदेआकी आन्नो, संगीत पुन्हा सागिसू. सरकारी बाबू बैठकीला जमतात, फायली, फोटोकॉपी मशिनं, आणि मागे तीच टिंपनी! इव्हँगेलियन पाहिलेल्या कुणालाही तिथे बाँड आठवत नाही, इव्हँगेलियनच आठवते. आणि त्याच सिनेमात आकिरा इफुकुबेचं जुन्या गोदझिलापटांतलं संगीत उजळ माथ्याने, त्याच्या नावासकट घेतलंय.

तिसरा एक मार्ग आहे, थेट पाश्चात्त्य शास्त्रीय. 'लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज' या अ‍ॅनिमेमध्ये अंतराळातली युद्धं माहलर, ब्रुकनर वाजवत लढली जातात. सिम्फनीवर आता कुणाचा हक्क नाही, पण रेकॉर्डिंगवर असतो. ते कोडं असं सुटलं की निर्मात्या टोकुमाच्या रेकॉर्ड कंपनीकडे पूर्व जर्मनीतल्या रेकॉर्डिंगचा मोठा साठा होता. घरचंच कोठार.

इव्हँगेलियनचा चोविसावा भाग मात्र मी तुला समोर बसवून दाखवणार. एका अवाढव्य यंत्राच्या मुठीत एक पोरगा. चित्र मिनिटभर हलत नाही, अक्षरशः गोठलेलं, आणि मागे बेथोव्हेनच्या नवव्या सिम्फनीतला कोरस पूर्ण गळ्याने गातोय. आपल्याला वाटतं टीव्ही अडकला. मी तर रिमोट उचलला होता. पुढचं सांगत नाही.

शनिवारी येतोयस ना? हेडफोन तुझे आण. माझ्याच्या डाव्या कानात काही वाजत नाही.

तुझा,
मिलिंद