शनिवारची सूचना: सॉल्व्हंटच्या बाटल्यांचं लेबल

मंडळी, येत्या शनिवारी दुपारी 4 वाजता भोसरीला आपल्या लॅबच्या वरच्या हॉलमध्ये सगळ्यांनी यायचंय, विषय जीएचएसप्रमाणे (केमिकलचे धोके ठरवण्याची आणि लेबलची जागतिक पद्धत) केमिकलचा धोका कसा ठरवायचा. क्यूसी (गुणवत्ता तपासणी) आणि स्टोअर दोघांनीही, "आम्ही फक्त बाटल्या ठेवतो" हे चालणार नाही.

सुरुवात मिथेनॉलपासून, कारण रोज हातात तेच असतं. त्याचा फ्लॅश पॉइंट साधारण 11 डिग्री, म्हणजे पुण्यात थंडीतल्या एखाद्या पहाटेचा अपवाद सोडला तर वर्षभर त्याची वाफ पेट घेण्याइतकी तयारच असते, म्हणून ज्वलनशील द्रव कॅटेगरी 2, धोक्याचा कोड एच 225. पण नुसतं ज्वाळेचं चित्र लावून भागत नाही! पोटात, त्वचेतून, श्वासातून तिन्हीकडून विषारी म्हणून कवटी, आणि डोळ्यांच्या नसेवर परिणाम होतो म्हणून एच 370 चं छातीवर चांदणी असलेलं चित्रही.

एक लक्षात ठेवा, कॅटेगरीचा आकडा लहान तितका धोका मोठा. बरेच जण उलटं समजतात.

येताना:
- आपल्या सेक्शनमधल्या एका केमिकलच्या एसडीएसची (सुरक्षा माहितीपत्रक) प्रिंट, सोळाच्या सोळा सेक्शन असलेली. सेक्शन 2, 9 आणि 11 आधी वाचून या
- पुरवठादाराची एसडीएस जुनी असेल तर नवी मागवा, मोबाइलवरचा स्क्रीनशॉट नको

आणि हो, वॉश बाटल्यांवर मार्करने नुसतं "एमई" लिहिणं आजपासून बंद, पूर्ण नाव आणि चित्रं पाहिजेत. येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत इथेच कळवा.