रांगोळीतला ओढा

ताई, सप्रेम नमस्कार.

2023 च्या मे महिन्यात तुम्ही करवीर तालुक्यातल्या आमच्या नदीकाठच्या गावात आलात, तेव्हा पारावर बसून ‘आता ह्या आम्हाला पूर शिकवणार’ असं म्हणणारा मीच. ते तुम्हाला ऐकू गेलं होतं, असं नंतर कळलं. म्हणून आभाराच्या आधी माफी.

तुम्ही काही शिकवलंच नाही. देवळापुढं रांगोळीनं गावाचा नकाशा काढायला लावलात आणि विचारलंत, पाणी आधी कुठनं येतं? आम्ही बाप्ये एका सुरात म्हणालो, नदीकडनं. माझी चुलती निळ्या रांगोळीची चिमूट घेऊन उठली आणि तिनं रेघ ओढली ती उलट्या बाजूला, ओढ्यावर. खरंच की. पंचगंगा फुगली की ओढ्याचं पाणी माघारी फिरतं. नदी घरांपासून लांब असते तोवरच मोरीवरचा रस्ता गेलेला असतो. 2019 ला आणि 2021 ला आम्ही असेच अडकलो. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ. आपली मोरी कितीला बुडते, ते कुणी बघितलंच नव्हतं.

मग विचारलंत, सांगूनही माणसं हलत का नाहीत? उत्तर गोठ्यात होतं. म्हसरं सोडून जाणार कोण? 2019 ला माझी एक म्हस गेली. छातीभर पाण्यात, अंधारात, दाव्याची गाठ भिजून घट्ट झालेली, सुटेना. हे सांगताना मी थांबलो, तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, ‘विळा कुठं होता?’ तेव्हापासून गोठ्याच्या मेढीला विळा टांगलेला असतो.

ट्रॅक्टर-ट्रॉली कुणाची, बाळंतीण कुठल्या घरात, कुणाचं इन्सुलिन फ्रीजमध्ये, अशी यादी झाली. बोटीची मागणी खाली गेली, वैरण वर आली. (बोटीचा फोटो मात्र झकास येतो.)

2024 च्या जुलैत नदी धोका पातळीच्या वर गेली. मोरीजवळच्या खांबावर आपण रंगवलेली लाल पट्टी भिजायच्या आत म्हसरं माळावरच्या पाहुण्यांकडं पोचली होती. सगळं सुरळीत झालं असंही नाही. वैरण दोन दिवसांत संपली, आणि एक आजोबा घर सोडेनात म्हणून नातवाला रात्री परत जावं लागलं.

चुलती विचारत होती, निळी रांगोळी अजून शिल्लक आहे, ताई कधी येणार? पट्टीचा रंगही उडालाय. मेमध्ये या.